पिट बुल: नाव एक, कुत्रे चार

१ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘एक्सएल बुली’ हा पिट बुलच्या कुळातला मोठ्या मापाचा कुत्रा सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय पाळणं गुन्हा ठरलं. त्याआधीचे काही आठवडे तिथल्या हजारो घरांत एकच उद्योग चालू होता: कुत्र्याला भिंतीशी उभं करून टेपने मोजणं. नराची खांद्यापाशी उंची ५१ सेंटिमीटर किंवा जास्त आणि बांधा वर्णनाशी जुळणारा असेल, तर कुत्रा कायद्याच्या कक्षेत. ४९ भरली तर बाहेर. आईबाप कोण, कागदावर काय लिहिलंय, स्वभाव कसा आहे, हे कोणी विचारत नव्हतं.

मग मुळात ‘पिट बुल’ म्हणजे कोण? बातमीत एक फोटो असतो, कायद्यात दुसरं नाव, विकणाऱ्याच्या तोंडी तिसरं. हा गोंधळ वाचणाऱ्यांच्या अज्ञानातून आलेला नाही. या नावामागचा इतिहासच गुंतागुंतीचा आहे.

पिट बुल ही जात नाही

जात, म्हणजे ब्रीड, असं आपण कधी म्हणतो? एखादी नोंदणी संस्था वंशावळीचं पुस्तक ठेवते, त्या पुस्तकातल्याच नर-मादीची पिल्लं पुढे त्यात नोंदवते, आणि आदर्श कुत्रा कसा दिसावा याचं लेखी वर्णन ठरवते, तेव्हा. या वर्णनाला मानक म्हणतात. पुस्तक आणि मानक ही दोन्ही असली की जात झाली.

‘पिट बुल’ नावाचं असं एकच पुस्तक नाही. एकाच कुळातले भाऊबंद वेगवेगळ्या गावी गेले, प्रत्येकाने वेगळं आडनाव लावलं, आणि गावकरी मात्र सगळ्यांना जुन्याच नावाने हाका मारत राहिले, तसा हा प्रकार. या कुळातले चार भाऊ ओळखून ठेवावेत: स्टॅफर्डशायर बुल टेरियर, अमेरिकन पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर आणि अमेरिकन बुली. बोलताना लोक यांना स्टॅफी, एपीबीटी, अमस्टाफ आणि बुली म्हणतात. इथेही तेच वापरू.

लांबट अंड्यासारखं डोकं आणि तिरपे, त्रिकोणी डोळे असलेला बुल टेरियर हा पाचवा. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सने १८६०च्या सुमारास तो वेगळा घडवला. तो लांबूनही ओळखू येतो, त्यामुळे त्याची चर्चा इथेच संपवू.

चौघांचा आजा कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले. त्यासाठी जुना बुलडॉग लागे. तो आजच्या चपट्या तोंडाच्या, धापा टाकणाऱ्या बुलडॉगपेक्षा बराच उंच आणि चपळ होता. १८३५च्या कायद्याने हा खेळ बंद झाला. कुत्र्यांच्या झुंजींवरही त्याच कायद्याने गदा आली, पण बैल लपवता येत नाही आणि दोन कुत्रे लपवता येतात. झुंजी दारूच्या गुत्त्यांच्या मागच्या खोल्यांत गेल्या. जोडीला ठरावीक वेळात कोणाचा कुत्रा जास्त उंदीर मारतो याच्या पैजा लागत. हे सगळं ज्या कठडा घातलेल्या रिंगणात चाले त्याला ‘पिट’ म्हणत. नावातला ‘पिट’ तिथून आला.

या कामाला बुलडॉग जड पडत होता. म्हणून त्याची ताकद आणि टेरियरची चपळाई, चिवटपणा एकत्र आणणारा संकर केला गेला. तोच ‘बुल अँड टेरियर’, चौघांचा आजा. त्याच्यात दोन गुण मुद्दाम निवडले गेले. पहिला म्हणजे दुखलं-खुपलं तरी माघार न घेण्याची जिद्द. या वर्तुळातले लोक तिला ‘गेमनेस’ म्हणत. दुसरा गुण सहसा सांगितला जात नाही: झुंज चालू असताना मालक कुत्र्याला हाताने उचलून बाजूला काढत असे, त्यामुळे माणसाच्या हाताला चावणारा कुत्रा निरुपयोगी ठरे. कुत्र्यावर तुटून पडायचं पण माणसाचा हात सहन करायचा, अशी दुहेरी निवड होती. ती शंभर टक्के यशस्वी झाली असं कोणी मानू नये. तरीही आजच्या वागणुकीतल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथे सापडतं.

चार पुस्तकं कशी तयार झाली

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर भागातल्या खाणकामगारांनी आणि कारखान्यांतल्या मजुरांनी छोटा, घरात मावणारा कुत्रा सांभाळला. १९३५ मध्ये तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या नोंदणी संस्थेने, त्याला स्टॅफर्डशायर बुल टेरियर म्हणून मान्यता दिली.

त्याच्या बऱ्याच आधी हेच कुत्रे स्थलांतर करणाऱ्यांबरोबर अमेरिकेत पोचले होते. शेतांवर त्यांना मोकाट गुरं आणि डुकरं पकडायची कामं मिळाली, आणि कुत्रा पायांनी उंच होत गेला. १८९८ मध्ये चॉन्सी बेनेट यांनी युनायटेड केनेल क्लब काढला, तो मुख्यतः याच कुत्र्याची नोंद ठेवण्यासाठी. पहिली नोंद त्यांच्या स्वतःच्या ‘रिंग’ या कुत्र्याची. हा एपीबीटी. १९०९ मध्ये अमेरिकन डॉग ब्रीडर्स असोसिएशन ही दुसरी संस्था त्याच जातीसाठी उभी राहिली.

अमेरिकन केनेल क्लब मात्र या झुंजीच्या कुत्र्यापासून अंतर राखून होता. १९३६ मध्ये त्याने याच कुळातले काही कुत्रे आपल्या पुस्तकात घेतले, पण ‘पिट’ आणि ‘बुल’ दोन्ही शब्द गाळून. नाव ठेवलं ‘स्टॅफर्डशायर टेरियर’. पुढे इंग्लंडचा स्टॅफीही त्याच क्लबच्या दाराशी आला, नावं एकमेकांत मिसळायला लागली, म्हणून १९७२ मध्ये ‘अमेरिकन’ हा शब्द जोडला गेला. हा अमस्टाफ.

म्हणजे एपीबीटी आणि अमस्टाफ यांच्यातला पहिला फरक रक्ताचा नव्हता, कागदाचा होता. बराच काळ एकच कुत्रा एका संस्थेत अमस्टाफ आणि दुसऱ्या संस्थेत एपीबीटी म्हणून नोंदलेला असे. पण ऐंशी-नव्वद वर्षं एका गटाने प्रदर्शनातल्या दिसण्यासाठी आणि दुसऱ्याने कामासाठी निवड केली, की कागदावरचा फरक हळूहळू अंगावर उतरतो. तसा तो उतरलाही.

चौथा भाऊ अगदी अलीकडचा. अमेरिकेत गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत काही पैदासकारांनी अमस्टाफ आणि एपीबीटी घेऊन रुंद छातीचा, मोठ्या डोक्याचा, पण शांत सोबतीचा कुत्रा घडवायला घेतला, आणि त्यात बुलडॉग गटातलं रक्तही मिसळलं. २००४ मध्ये त्यांची स्वतंत्र संस्था निघाली, २०१३ मध्ये युनायटेड केनेल क्लबनेही त्याला जात मानलं. हा अमेरिकन बुली.

समोरचा कुत्रा यांपैकी कोणता?

आधी मोजायचं कसं ते सांगतो, कारण निम्म्या चुका इथेच होतात. कुत्र्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तिथे खांद्याच्या दोन हाडांमध्ये एक उंचवटा बोटाला लागतो, तिथपर्यंत मोजतात. कुत्रा सपाट, न घसरणाऱ्या फरशीवर चारही पाय सरळ ठेवून उभा हवा आणि डोकं नेहमीच्या पातळीत. गालिच्यावर पंजे रुततात आणि सेंटिमीटरभर उंची हरवते. उंचवट्यावर एक कडक पुस्तक आडवं, जमिनीला समांतर धरा, भिंतीवर खूण करा, कुत्रा बाजूला घ्या आणि खुणेपासून जमिनीपर्यंत मोजा. असं तीनदा करून मधला आकडा धरा. अठरा महिन्यांच्या आत घेतलेलं माप अंतिम समजू नका.

आता आकडे. स्टॅफीची उंची ३५.५ ते ४०.५ सेंटिमीटर. नराचं वजन साधारण १३ ते १७ किलो, मादीचं ११ ते साडेपंधरा. म्हणजे गुडघ्याच्या आसपास येणारा, लहान पण घट्ट कुत्रा. डोकं आखूड आणि रुंद, गालाचे स्नायू ठसठशीत, कान मागे दुमडलेले किंवा अर्धवट उभे. शेपूट जुन्या हातपंपाच्या दांड्यासारखी खाली झुकलेली. फोटोत तो मोठ्या भावांसारखाच दिसतो, आणि घोटाळा तिथेच होतो: फोटोत मोजपट्टी नसते.

अमस्टाफचा नर ४६ ते ४८ सेंटिमीटर, मादी ४३ ते ४६. वजन नराचं २५ ते ३२ किलो, मादीचं १८ ते २५. स्टॅफीच्या जवळपास दुप्पट वजन, आणि उंची मात्र जेमतेम दहा सेंटिमीटर जास्त. नाक काळंच हवं, गुलाबी नाक दोष. ऐंशी टक्क्यांहून जास्त पांढरा रंग मानकाला पसंत नाही.

एपीबीटी ओळखायला सगळ्यात अवघड, कारण त्याच्या मानकात जागा सैल आहे. नर ४६ ते ५३ सेंटिमीटर, १६ ते २७ किलो. मादी ४३ ते ५१ सेंटिमीटर, १४ ते २३ किलो. नीट पाहा: उंचीला तो अमस्टाफच्या बरोबरीचा किंवा वरचा, पण वजनाला हलका. धावपटू आणि कुस्तीगीर शेजारी उभे केले तर जे दिसेल तेच इथे दिसतं. एपीबीटीची कंबर आत गेलेली, पाय लांब, शरीर उंचीपेक्षा किंचित लांब. लालसर नाक त्याला चालतं. ‘रेड नोज’ आणि ‘ब्लू नोज’ ही नावं बाजारात वेगळ्या जाती असल्यासारखी फिरतात. ते फक्त नाकाच्या कातडीचे रंग आहेत, त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचं काही कारण नाही.

बुलीचं वर्गीकरण उंचीवरून होतं. स्टँडर्ड नर ४३ ते ५१ सेंटिमीटर, त्याखालचा पॉकेट, वरचा ५८ पर्यंतचा एक्सएल. मादी प्रत्येक गटात अडीच सेंटिमीटरने कमी. उंचीपेक्षा त्याचा पसारा पाहिला तर लवकर ओळख पटते: पुढच्या दोन पायांत रुंद अंतर, छाती खोल, डोकं चौकोनी ठोकळ्यासारखं. एक्सएल नर ४५ किलोच्या वर सहज जातो.

म्हणून कोणी ‘पन्नास किलोचा अस्सल पिट बुल’ विकत असेल, तर तो एपीबीटी नाही. बुली असेल, मास्टिफ गटाशी झालेला संकर असेल, किंवा वजनकाटा विक्रेत्याच्या मर्जीचा असेल. बॉक्सर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो, अमेरिकन बुलडॉग यांनाही लोक सर्रास पिट बुल म्हणतात. ते या कुळातले नाहीत.

नुसतं बघून सांगता येत नाही का?

वंशावळीचा कागद असलेल्या शुद्ध कुत्र्याबाबत, अनुभवी माणसाला बऱ्यापैकी येतं. मिश्र रक्ताच्या कुत्र्याबाबत भल्याभल्यांचा अंदाज चुकतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात चार निवारा केंद्रांमध्ये १२० कुत्र्यांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रात दाखल होताना कर्मचाऱ्यांनी त्यांतल्या ५५ कुत्र्यांवर पिट बुल प्रकारचा शिक्का मारला होता. डीएनए तपासला तेव्हा अमस्टाफ किंवा स्टॅफीचा किमान आठवा हिस्सा फक्त २५ कुत्र्यांत निघाला. आठवा हिस्सा म्हणजे पणजोबा-पणजीच्या पिढीतला एक कुत्रा! इतकी सैल अट ठेवूनही निम्म्याहून जास्त शिक्के चुकले. आणि हे रोज कुत्रे हाताळणारे लोक होते.

कारण सरळ आहे. डोक्याची रुंदी, केसांची लांबी, अंगावरचे पट्टे या गोष्टी ठरवणारी जनुकं थोडी आहेत, आणि ती अनेक जातींत सापडतात. आखूड केसांचा गुण लांब केसांवर मात करतो, त्यामुळे लांब केसांच्या जातीशी झालेल्या संकराचीही पिल्लं आखूड केसांची निघू शकतात. त्यात डोकं थोडं रुंद आणि छातीवर पांढरा डाग आला, की बघणारा ‘पिट बुल’ म्हणून मोकळा.

डीएनए चाचणीलाही मर्यादा आहे. ती नमुना आपल्या संग्रहातल्या जातींशी ताडून बघते. संग्रहात एपीबीटी नसेल तर ती एपीबीटीला अमस्टाफ म्हणेल. वरच्या अभ्यासात अमस्टाफ आणि स्टॅफी हेच निकष होते ते उगाच नाही. इतक्या जवळच्या भावांना वेगळं करणं प्रयोगशाळेलाही सोपं नसतं.

मग कायदा कशावर चालतो?

ब्रिटनचा धोकादायक कुत्र्यांचा कायदा १९९१चा. त्याखाली त्याच वर्षी चार नावं बंदीत आली: पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. पण कायद्यात शब्द ‘जात’ असा नाही, ‘प्रकार’ असा आहे. १९९३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं की ‘प्रकार’ हा ‘जाती’पेक्षा व्यापक शब्द आहे, आणि अमेरिकन डॉग ब्रीडर्स असोसिएशनच्या जुन्या मानकातली पुरेशी वैशिष्ट्यं कुत्र्यात दिसली तर तो पिट बुल प्रकारचा धरता येईल. त्यामुळे तिथे लॅब्रॅडॉरच्या पोटी जन्मलेलं पिल्लूही मोठं झाल्यावर मापात बसलं तर बंदीत येतं. स्टॅफी कायदेशीर आहे, त्याचं नाव यादीत नाही. अमस्टाफचंही नाव नाही, पण माप जुळत असल्याने तो अडकतो. एक्सएल बुली २०२३च्या शेवटी यादीत आला. सवलत मिळालेल्या कुत्र्याला नसबंदी, मायक्रोचिप, दुसऱ्या कोणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, आणि बाहेर पडताना तोंडाला जाळी व पट्टा या अटी लागू आहेत.

सगळ्यांनी हाच मार्ग धरला नाही. नेदरलँड्सने १९९३ मध्ये घातलेली पिट बुलवरची बंदी २००८ मध्ये उठवली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने १९८९ पासूनची बंदी २०२० मध्ये मतदान घेऊन काढली आणि परवाना पद्धत आणली. बंदी असावी की नसावी हा वाद मोठा आहे, पण त्यातली एक अडचण दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हवी: दिसण्यावर बेतलेला नियम मोजपट्टीने चालवता येतो, स्वभाव मात्र मोजपट्टीवर येत नाही.

‘पण जबडा कुलूप लागल्यासारखा अडकतो म्हणतात’

अडकत नाही. या कुत्र्यांच्या जबड्यात वेगळा सांधा, खीळ किंवा अडसर नाही. हाडांची रचना इतर कुत्र्यांसारखीच असते. खरं आहे ते एवढंच, की ही कुत्री चावा घेऊन सोडून देण्यापेक्षा धरून ठेवतात आणि झटके देतात. ते कुलूप नव्हे, आवळलेली मूठ आहे: उघडता येते, पण उघडायची इच्छा नसते.

या फरकाचा व्यवहारात फार उपयोग आहे. धरलेला कुत्रा ओढला तर जखम फाटते, म्हणून ओढायचं नाही. दोघांच्या तोंडांमध्ये हात घालायचा नाही. ही कुत्री सांभाळणारे जाणकार ‘ब्रेक स्टिक’ जवळ ठेवतात: एका टोकाला निमुळती होत गेलेली लाकडी किंवा प्लास्टिकची चपटी पाचर. ती बाजूने, दाढांच्या मागच्या फटीत सरकवून पिळतात, आणि पकड सुटली की त्याच क्षणी गळपट्टा धरून कुत्रा मागे घेतात. आपला, ओळखीचा, याच प्रकारचा कुत्रा असेल तरच हे करावं. पटकन चावून पुन्हा चावणाऱ्या इतर कुत्र्यांवर हा प्रयोग केला तर दुसरा चावा हातावर येतो.

चाव्याच्या दाबाचे जे प्रचंड आकडे ऐकू येतात त्यांनाही मोजमापाचा आधार नाही. चाव्याची ताकद मुख्यतः कवटीच्या आणि शरीराच्या आकाराबरोबर वाढते. त्या हिशेबाने १५ किलोचा स्टॅफी आणि ५० किलोचा एक्सएल यांना एकाच वाक्यात बसवणंच चुकीचं.

‘मग मृत्यूंच्या आकडेवारीत यांचंच नाव का?’

हा आक्षेप खरा आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यातले ज्यांच्या जातीची नोंद सापडली असे २३८ मृत्यू संशोधकांनी तपासले, तेव्हा निम्म्याहून जास्त घटनांत पिट बुल प्रकारचे कुत्रे किंवा रॉटवायलर होते. त्याच संशोधकांनी दोन इशारेही दिले. जातीची नोंद अनेकदा बघणाऱ्याच्या अंदाजावर असते. तो अंदाज किती फसतो ते वर पाहिलंच. आणि भागाकारातला खालचा आकडा हाती नाही: त्या जातीचे एकूण कुत्रे किती, हे माहीत नसेल तर अपघातांची नुसती संख्या जास्त असण्यावरून धोका किती पट हे काढता येत नाही. एखाद्या रस्त्यावर अपघात जास्त होतात म्हणून तो वाईट ठरत नाही. त्यावरून रोज किती गाड्या जातात तेही कळायला हवं.

दुसऱ्या बाजूचं ‘सगळं संगोपनावर असतं, जातीचा काही संबंध नाही’ हे वाक्यही तितकंच अर्धवट. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकन अभ्यासात १८,३८५ कुत्र्यांची मालकांनी दिलेली माहिती आणि २,१५५ कुत्र्यांचे जनुकसंच तपासले होते. एका कुत्र्याची वागणूक दुसऱ्यापेक्षा वेगळी का, याचं जेमतेम ९ टक्के उत्तर जातीवरून मिळालं. वागणुकीत आनुवंशिकता असते, पण जातीचं नाव तिचा फार ढोबळ सारांश असतो. ९ टक्के म्हणजे शून्य नव्हे, आणि शंभर तर नव्हेच.

इथे एक भेद सांभाळावा लागतो. माणसावरचा आक्रमकपणा आणि दुसऱ्या कुत्र्यावरचा आक्रमकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. एपीबीटीचं मानक स्वतःच सांगतं की या जातीत बहुतेकांना इतर कुत्र्यांशी थोडंफार वैर असतं, आणि तो राखणीला योग्य नाही कारण परक्यांशीही जास्त मैत्री करतो. म्हणून ‘घराची राखण करायला पिट बुल’ हा हिशेबच उलटा आहे. आणि जो माणसावर धावून जातो त्याला ‘हा असाच असायचा’ म्हणून पोसू नये. तो या कुळाच्या मापानेही बिघडलेला आहे.

चावा किती वेळा होतो आणि झाला तर किती खोल जातो, हे दोन प्रश्नही वेगळे ठेवा. लहान कुत्रे वारंवार चावतात आणि बातमी होत नाही. ताकदीचा, धरून ठेवणारा कुत्रा एकदाच चावला तरी शस्त्रक्रिया लागते. त्यामुळे हा कुत्रा कितीही गोड असला तरी त्याच्या मालकाला चुकायला जागा कमी असते.

पाळणाऱ्याला या फरकांचा उपयोग काय?

सगळ्यात आधी आजार, कारण ते जातीगणिक बदलतात आणि तिथे नाव अचूक असण्याचा थेट फायदा होतो.

स्टॅफीमध्ये एल-२-एचजीए नावाचा चयापचयाचा आनुवंशिक विकार असतो: तोल जातो, चालताना अंग थरथरतं, झटके येतात. दुसरा आनुवंशिक मोतीबिंदू. दोन्हींसाठी डीएनए चाचणी आहे. दोन्ही आईबाप वरून निरोगी पण वाहक असतील तर प्रत्येक पिल्लू आजारी निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून ‘आईबाप ठणठणीत आहेत’ हे उत्तर पुरेसं नाही, दोघांपैकी किमान एकाच्या चाचणीच्या अहवालावर ‘मुक्त’ असं हवं.

अमस्टाफमध्ये मेंदूच्या मागच्या भागाचा एक विकार तीन ते पाच वर्षांच्या वयात उगवतो. सुरुवात जिन्यावरून उतरताना अडखळण्याने होते, मालकाला वाटतं पाय मुरगळला. तोवर त्या कुत्र्याची पिल्लं झालेली असू शकतात, म्हणून चाचणी पैदाशीआधीच व्हायला हवी. एपीबीटीत रक्तातला बाबेशिया गिब्सोनी हा परजीवी अमेरिकेत जास्त आढळतो; गोचिडाखेरीज तो चाव्यातूनही पसरतो, आणि झुंजीच्या इतिहासाचा हा आणखी एक वारसा. बुलीत, विशेषतः अतिरुंद आणि बुटक्या पॉकेटमध्ये, खुबे, कोपर आणि श्वास यांचे त्रास बघावे लागतात. विश्रांती घेतानाही घोरल्यासारखा आवाज येत असेल तर ते ‘गोंडस’ नाही, हवा आत जायला जागा कमी पडते आहे. त्वचेची अ‍ॅलर्जी मात्र चौघांच्याही पाचवीला पुजलेली.

रंगाच्या मोहात पडण्याआधी थोडं थांबा. निळसर-राखाडी रंगाच्या कुत्र्यांत केस विरळ होत जाण्याचा एक आनुवंशिक त्रास दिसतो. ठिपक्या-ठिपक्यांचा ‘मर्ल’ रंग एपीबीटीच्या मानकात सरळ अपात्र आहे. तो मिळाला तर बाहेरचं रक्त आलंय असं समजावं. दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर सरासरी चौथाई पिल्लांना दोन्हीकडून मर्ल मिळतो, आणि त्यांत बहिरेपण व डोळ्यांचे दोष खूप. ‘दुर्मीळ रंग’ म्हणून चढी किंमत लावणारा विक्रेता याबद्दल सहसा गप्प असतो.

स्वभावाबद्दल जातीच्या नावापेक्षा आईबापांकडे बघा, निदान आईकडे तरी. परक्या माणसाला पाहून ती पुढे येते, मागे सरते, की ताठ उभी राहून एकटक बघते? पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. साधारण तीन ते चौदा आठवडे हा काळ पिल्लाच्या मनात जग बसण्याचा. माणसं, मुलं, आवाज, इतर कुत्रे यांची ओळख तेव्हाच शांतपणे व्हायला हवी.

इथे एक फसगत ठरलेली असते. पिल्लू असताना सगळ्या कुत्र्यांशी खेळणारा कुत्रा दीड-दोन वर्षांचा झाला की एके दिवशी मैदानात भांडण उकरून काढतो. मालक म्हणतो, ‘आजवर कधी केलं नव्हतं.’ कसं करेल, तेव्हा तो पोरगाच होता! दुसऱ्या कुत्र्यांबद्दलची असहिष्णुता प्रौढ होताना, एक ते तीन वर्षांच्या दरम्यान उघड होते. त्यामुळे या वयात मैदानात पट्टा काढणं बंद करावं, घरात दोन कुत्रे असतील तर जेवण वेगळ्या खोल्यांत द्यावं, आणि घरी कोणी नसताना त्यांना एकत्र सोडू नये. दोन्ही एकाच लिंगाचे असतील तर अजिबातच नाही.

कागदही वाचून घ्या. वंशावळीच्या प्रमाणपत्रावर संस्थेचं नाव, आईबापांचे नोंदणी क्रमांक आणि पिल्लाचा मायक्रोचिप क्रमांक असतो. चिप वाचणाऱ्या यंत्राने स्कॅन करून तोच आकडा येतो का ते पाहा. ‘पिट बुल, कागदांसह’ एवढंच सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या संस्थेचे?